चादरीचे दुसरे टोक

४ ऑगस्ट

शेवटच्या परीक्षेनंतर मी दैनंदिनी लिहिली नव्हती. लिहिण्यासारखे काही घडले नाही असे मुळीच नाही. उलट महासाथीच्या काळात इतके घडले, की त्यातले काही कागदावर उतरवले तर ते कायमचे खरे होऊन बसेल, अशी भीती वाटत असे. आज पुन्हा सुरुवात करते आहे, कारण दिवसभर मी इतरांसाठी वाक्ये जुळवते आणि संध्याकाळी माझ्या वाट्याला एकही उरत नाही.

आज धुलाईघर पाहायला पाहुणे आले होते. बसस्थानकासमोरचे हे लॉज महासाथीत बंद पडले ते पडलेच. वरच्या दोन मजल्यांना अजून कुलपे आहेत. तळमजला एका स्वयंसेवी संस्थेने भाड्याने घेतला. स्वयंपाकघरात धुण्याची यंत्रे आली, गच्चीवर उन्हावर पाणी तापवणारे बंब आले आणि जेवणघरात इस्त्रीची टेबले लागली. ज्या बायका या लॉजच्या खोल्या झाडत आणि चादरी बदलत, त्या आता या धुलाईघराच्या भागीदार आहेत. धुण्याचे पाणी गाळून मागच्या रोपवाटिकेला जाते. पाहुण्यांना ती नळी फार आवडते. ते वाकून तिचे फोटो काढतात.

संस्थेच्या ताई महिन्यातून दोनदा येतात. एरवी लिहिण्याबोलण्याचे सर्व मी पाहते. म्हणजे बोलण्याचे नाही, लिहिण्याचे. दारावरच्या फलकासाठी ‘सर्वसमावेशक आणि शाश्वत विकास’ हे शब्द मीच सुचवले होते. इस्त्रीच्या टेबलावर एक काकू आहेत. त्या भिंतीशीही वाद घालून जिंकतील, म्हणून सगळ्या त्यांना वकीलीणबाई म्हणतात. त्यांनी आज फलकाकडे इस्त्री रोखून विचारले, "हे सर्वसमावेशक म्हणजे काय ग?"

मी म्हणाले, "कोणालाही मागे न ठेवता सगळ्यांना बरोबर घेऊन जाणं."

"म्हणजे पांढरे, रंगीत, सगळे एकाच टबात? मग कुणाचा रंग कुणाला लागेल, त्याचं काय करायचं?"

सगळ्या हसल्या. मला उत्तर सुचले नाही. शाळेत उत्तर सुचले नाही असे कधी झाले नव्हते. तिथे प्रश्न पुस्तकातून येत असत.

विद्यापीठाचे पत्र आले आहे. अर्थशास्त्राच्या वर्गातली माझी जागा गेल्या वर्षी त्यांनी राखून ठेवली होती. यंदा ३० सप्टेंबरपर्यंत हजर झाले नाही तर जागाही जाईल आणि शिष्यवृत्तीही. मी पत्र पुन्हा पाकिटात घातले. धुलाईघर स्वतःच्या पायांवर उभे राहीपर्यंत थांबायचे, असे मी आधीच ठरवले आहे. अजून वेळ आहे.

७ ऑगस्ट

जे कोणालाच सांगता येत नाही ते इथे लिहिते. आईला वास येत नाही.

चादरीची घडी दोघींनी मिळून घालावी लागते. दोन टोके एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. ताणायची, झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचे आणि काठाला काठ भिडवायचा. काठाची पट्टी दुहेरी असते आणि ओल तिच्यात लपून राहते. हाताला ती कोरडीच लागते. पण गठ्ठ्यात दाबली गेली की दुसऱ्या दिवशी सबंध गठ्ठा कुबट होतो. म्हणून काठ वर आला की आई तो क्षणभर नाकाशी नेते. लॉज चालू असल्यापासून तिच्या नाकाची ख्याती आहे. मालक म्हणत, बाईंच्या नाकाखालून गेलेली चादर डोळे मिटून अंथरावी. त्यामुळे धुलाईघरात शेवटची तपासणी कोणी करायची, हे कोणी विचारलेच नाही.

महासाथीत आई आणि बाबा दोघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. बाबा परत आले नाहीत. आई परत आली, तिचे नाक आले नाही. इथे कामाला लागल्यावर पहिल्याच दिवशी तिने एक कुबट चादर ‘ही चांगली’ म्हणून गठ्ठ्यावर ठेवली आणि मग माझ्याकडे पाहिले. तिची तशी नजर मला पुन्हा पाहायची नाही.

तेव्हापासून चादरीचे दुसरे टोक मी धरते. माझ्याकडचा काठ मीही चेहऱ्याजवळून नेते. ओल असेल तर तिच्या हातात देताना किंचित धरून ठेवते, नसेल तर सहज सोडते. कापडातून ते तिला कळते आणि मग ती सर्वांना ऐकू जाईल असे ‘परत’ किंवा ‘ही चांगली’ म्हणते. याविषयी आम्ही दोघी एकमेकींशी कधी एक अक्षरही बोललेलो नाही.

रुग्णालयाचे काम आम्हाला सध्या कसोटीवर मिळाले आहे. ते टिकले तर सगळ्या टिकतील. ते आईच्या नाकावर आहे आणि आईचे नाक माझ्या दोन बोटांत आहे.

१२ ऑगस्ट

काल ताईंनी मला तालुक्याच्या बैठकीला नेले. मी तिथे काही बोलले नाही. मागे बसून त्यांच्या भाषणाचे मुद्दे लिहून दिले. इकडे मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने, चादरीचे दुसरे टोक धरले. एरवी ती यंत्रांवर असते आणि तिला यातले काही ठाऊक नाही.

आज रुग्णालयाने अख्खा गठ्ठा परत पाठवला. कुबट. गठ्ठा जेवणघराच्या मधोमध ठेवला होता आणि सगळ्या आईकडे पाहत होत्या. आई हातातला अभ्रा नुसताच सरळ करत राहिली. वकीलीणबाई तडक रुग्णालयात गेल्या आणि तुमच्याच कपाटाला ओल आहे, आधी भिंत दाखवा, असे भांडून आल्या. भिंतीला खरोखरच ओल निघाली, म्हणून या वेळी निभावले.

घरी येताना आई एवढेच म्हणाली, "बैठका लई असतात का ग तुमच्या?"

मी म्हणाले, यापुढे नसतील.

१९ ऑगस्ट

ताई आज मोठी बातमी घेऊन आल्या. धुलाईघराचा दुसरा टप्पा मंजूर होण्याची चिन्हे आहेत: रुग्णालयाचे सगळे काम, शिवाय पुन्हा उघडणारी दोन लॉजे. पण एक अट आहे. व्यवस्थापक इथलीच आणि शिकलेली हवी, आणि तिने किमान दोन वर्षे राहण्याचे लिहून द्यायला हवे. "मी वर तुझंच नाव सांगितलंय," ताई म्हणाल्या. "तू म्हणजे आमचं उदाहरण आहेस."

मला विद्यापीठाबद्दल सांगायचे होते. वाक्य तयार होते, पण तोवर मावशीने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. टाळ्या थांबल्यावर बोलावे असे ठरवले. टाळ्या थांबल्या तेव्हा ताई दुसऱ्या विषयावर गेल्या होत्या. मी मान हलवली होती, असे मावशी म्हणते.

घरी आईने मात्र जेवायला माझ्या आवडीचे केले आणि दोनदा वाढले.

२० ऑगस्ट

व्यवस्थापकाची खुर्ची म्हणजे लॉजच्या काउंटरमागची खुर्ची. बाबा रात्रपाळीला तिथेच बसत. मागच्या भिंतीवर वरच्या खोल्यांच्या किल्ल्या अजून टांगलेल्या आहेत. काउंटरची फळी उचलून आत जावे लागते, आणि ती आपोआप खाली पडते. आज मी थोडा वेळ बसून पाहिले. जेवणघराच्या खिडक्या थंड हवेच्या यंत्रासाठी काचा लावून कायमच्या बंद केल्या आहेत. यंत्र विकले गेले. काचा राहिल्या.

२५ ऑगस्ट

आज सकाळी मी उठण्यापूर्वीच आईने मोरीत सोडा आणि गरम पाणी ओतले होते. मी विचारले, मोरी तुंबली आहे का? ती म्हणाली, "पाणी सावकाश जात होतं." मी अंघोळीला गेले तेव्हा पाणी व्यवस्थित जात होते, सोड्याचा गुण असावा. शेजारच्या काकू म्हणाल्या की काल संध्याकाळपासून मागच्या गटाराला फार दुर्गंधी येत होती, बरे झाले कोणीतरी काहीतरी केले. आईचे बारीकसारीक गोष्टींवर लक्ष असते ते असे. वास येत नसूनही तिला नेमके सुचले.

३१ ऑगस्ट

बाबांचे एक कपाट आम्ही तसेच ठेवले आहे. आईने त्यांचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून देऊन टाकले, फक्त एक सदरा न धुता ठेवला. अख्खे आयुष्य दुसऱ्यांची धुणी धुणाऱ्या बाईने एक मळका सदरा कपाटात ठेवावा, याचे मला नेहमी नवल वाटते. ती म्हणते, राहू दे.

आज दुपारी मी अचानक घरी आले तेव्हा कपाट उघडे होते आणि आई त्या सदऱ्यात तोंड खुपसून उभी होती. रडत असावी. पण खांदे हलत नव्हते. ती बराच वेळ तशीच होती. एकदा तिने तोंड वर काढले, श्वास सोडला आणि पुन्हा खुपसले. मी पाऊल न वाजवता परत फिरले. ज्या आईला असे एकटीने रडावे लागते, तिला सोडून जाण्याचा विचार करणारी मुलगी कशी असेल?

विद्यापीठाच्या मुलाखतीचीही आज उगाच आठवण झाली. ती संगणकावर झाली होती. समोर चार चौकटींत चार चेहरे. त्यांनी इंग्रजीत काही विचारले. मी पाठ केलेले उत्तर न अडखळता म्हटले, आणि ते संपल्यावर कळले की ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते. एका चौकटीतल्या बाई हसू दाबत होत्या. तरीही त्यांनी मला घेतले; गुण पाहून घेतले असावे. तिथे सगळा वर्ग तसाच बोलणारा असणार. अर्थात, माझ्या न जाण्याचा आणि याचा काही संबंध नाही.

४ सप्टेंबर

भयंकर सर्दी झाली आहे. मला काही म्हणजे काही वास येत नाही. आंधळीने आंधळीला रस्ता दाखवावा तसे आमचे झाले आहे. आईला सांगण्याचा धीर झाला नाही. दिवसभर मी अंदाजाने काठ धरले आणि अंदाजाने सोडले. उद्या रुग्णालयातून काय परत येईल कोण जाणे.

७ सप्टेंबर

काहीच परत आले नाही! तीन दिवस मी निव्वळ अंदाजाने काम केले आणि एकही चादर कुबट निघाली नाही. दैव बलवत्तर म्हणायचे.

एक चमत्कारिक गोष्ट नोंदवून ठेवते. काल दोनतीनदा मी काठ सहज सोडला, तरीही आई ‘परत’ म्हणाली. एकदा तर मी चांगला धरून ठेवला होता आणि ती ‘ही चांगली’ म्हणाली. ताप असल्यामुळे माझ्या बोटांवर माझा ताबा नव्हता, हे उघड आहे. मी एक करते आहे असे समजून दुसरेच करत असणार. आईने त्यातून योग्य तो अर्थ कसा काढला हे मात्र तीच जाणे.

आई मला वाफ घ्यायला बसवते आणि डोक्यावर चादर घालते. आत काळोख, गरम. ती बाहेरून म्हणते, "लवकर बरी हो. तुझ्याशिवाय माझं काय चालतंय?"

१० सप्टेंबर

आज जेवणाच्या सुट्टीत वकीलीणबाई माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांना विद्यापीठाचे कसे कळले कोण जाणे. म्हणाल्या, "जात का नाहीस तू?"

मी म्हणाले, आई एकटी पडेल.

"एकटी? आम्ही काय इथे खांब आहोत? आणि तुझ्या आईला कसली धाड भरली आहे? परवा मी डबा पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता, तर म्हणाली, आज फोडणी करपवलीस वाटतं. घरी नवऱ्याला कळलं नाही ते तिला कळलं."

मी विषय बदलला. वकीलीणबाईंना बोलताना तिखटमीठ लावण्याची सवय आहे. डबा उघडाच असेल आणि आईला वरचा काळा तवंग दिसला असेल. शिवाय वकीलीणबाईंच्या घरची फोडणी करपल्याचे कळण्यासाठी फार मोठ्या नाकाची गरज नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

१५ सप्टेंबर

ताईंना होकार कळवला. २६ तारखेला छोटा कार्यक्रम आहे. पाहुणे येतील, मी चार शब्द बोलायचे आणि करारावर सही करायची.

मला वाटले होते की आज मला रडू येईल. आले नाही. उलट छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले आणि दुपारी मी फार दिवसांनी निवांत झोपले. कर्तव्य केल्याचे हे समाधान असावे. विद्यापीठाला नकाराचे पत्र लिहायला घेतले आहे. अजून पाठवले नाही. दुसऱ्या परिच्छेदातली वाक्यरचना मनासारखी होत नाही.

१८ सप्टेंबर

पत्राचा दुसरा परिच्छेद बदलला. आता पहिला जुळत नाही.

२२ सप्टेंबर

आईचे काहीतरी बिनसले आहे. जेवत नाही, कामात चिडचिड करते. काल मावशीवर कारण नसताना खेकसली. आज घडी घालताना मी ओलसर काठ नेहमीसारखा धरून ठेवला, तर तिने तो माझ्या हातातून हिसकला, इतक्या जोरात की माझ्या बोटाला चरा पडला. "सोड ना," ती म्हणाली. मग लगेच "लागलं का?" असे विचारून तिथल्या तिथे माझे बोट ओठांशी धरले. सगळ्यांसमोर. मी लहान असल्यासारखे.

मी तिला सांगितले की काळजी करू नकोस, मी कुठेही जात नाही, आता सहीच व्हायची राहिली आहे. तिला बरे वाटेल असे मला वाटले होते. ती उठून गच्चीवर चादरी काढायला गेली. चादरी अजून वाळल्या नव्हत्या.

२६ सप्टेंबर

जसे घडले तसे लिहिण्याचा प्रयत्न करते.

जेवणघर पुसून लख्ख केले होते. पाहुणे, ताई, फलकाखाली टेबल, टेबलावर करार. माझे भाषण पाठ होते. त्याआधी एका पाहुण्या बाईंनी काम पाहण्याची इच्छा दाखवली आणि ताई अभिमानाने म्हणाल्या की आमची शेवटची तपासणी बघा, हे आमच्या बाईंचं नाक. मी नेहमीप्रमाणे चादरीचे दुसरे टोक धरायला पुढे झाले.

आई म्हणाली, "तू नको." मग यंत्राकडे वळून तिने मावशीला हाक मारली. "तू ये ग इकडे. हात पुस आणि ये."

मावशीने गोंधळून टोक धरले. दोघींनी चादर ताणली, झटकली, काठाला काठ लावला. आईने काठ नाकाशी नेला. "ही चांगली." दुसरी घेतली. "ही चांगली." तिसरीचा काठ वर आला आणि आई थांबली. तिने तो पुन्हा नाकाशी नेला, घाई न करता. "परत," ती म्हणाली, आणि घडी न घालता ती चादर तिने माझ्यासमोर धरली.

"बघ."

मी काठ नाकाशी नेला. ओलीचा वास होता. अगदी थोडा, मीही कदाचित सोडली असती.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी फोटो काढला. त्या फोटोत मी रिकामे हात घेऊन उभी असणार.

अंथरुणांच्या खोलीत, जिला खिडकी नाही, मी आईला गाठले. विचारले, "कधीपासून?"

"मोरीत सोडा टाकला ना, तेव्हापासून. आधी वाटलं भासच आहे."

"आणि सांगितलं नाहीस."

ती गठ्ठ्यावर बसली. "सांगणार होते. आधी म्हटलं, तुझ्या बाबांचा सदरा बघू. एवढे दिवस कशासाठी ठेवला होता मी तो? तर त्यात काहीच नव्हतं. नुसतं कापड. माझं नाक येईस्तोवर त्यांचा वास निघून गेला होता." तिने मांडीवरचा अभ्रा सरळ केला. "मग म्हटलं, जे हातात आहे ते तरी धरून ठेवू. चुकलंच माझं. आज तू सही करणार, तर घास उतरेना."

मला राग आला होता. तिने माझी जागा घालवली असती, माझे अख्खे आयुष्य या काचांमागे गेले असते, असे काहीतरी मी बोलले. इतकी वाक्ये मी तिच्यापुढे कधीच बोलले नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले. मग मान वर करून म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, "पण एक सांग. तू सगळ्या शाळेत पहिली येणारी पोर. मला एवढंसं नाटक कुठं येतंय? सर्दीत तुझं नाक बंद होतं हे मला कळलं, आणि माझं उघडलं ते तुला कळलं नाही?"

खोलीत धुतलेल्या कापडाचा वास होता, आम्ही दोघी तो घेत होतो, आणि मला एकदम दिसले की गेले महिनाभर मी ही चादर तिच्याइतकीच घट्ट धरून होते. तिला माझ्याशिवाय राहायचे नव्हते. मला त्या चार चौकटींपुढे पुन्हा उभे राहायचे नव्हते. दोघींना एकच कारण पुरत होते.

बाहेरून ताईंची हाक आली. टेबलापाशी गेले तेव्हा पाठ केलेल्या भाषणातला एकही शब्द जागेवर नव्हता. मी म्हणाले, "ताई, मी नाही... म्हणजे मला जायचं... ते तीस तारखेच्या..."

"वाक्य पूर्ण कर ग बाई," वकीलीणबाई इस्त्रीच्या टेबलावरून म्हणाल्या. "पाहुणे खोळंबलेत."

"मी जाते आहे," मी म्हणाले. "शिकायला."

ताईंचा चेहरा पाहवला नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले की दुसऱ्या टप्प्याचं काय, अट तुला माहीत आहे, इथली कोणी नसेल तर ते बाहेरचा माणूस पाठवतील, आणि मग या बायका पुन्हा कामवाल्याच होतील, हे तुला कळतंय का? मला कळत होते. तेव्हा वकीलीणबाई इस्त्री उभी करून आल्या. "अहो ताई, कानात काय बोलताय? गठ्ठा परत आला तेव्हा भांडायला कोण गेलं होतं? मी इथलीच आहे. लिहायला मला हळू येतं, पण येतं. आणि मी कुठे जात नाही, मला नेणार कोण?"

पाहुण्या बाई हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, वर विचारावं लागेल.

२८ सप्टेंबर

‘वर’हून निरोप आला. वकीलीणबाईंना तूर्त कसोटीवर नेमले आहे. त्या म्हणतात, रुग्णालयाच्या चादरीसारखं. दुसरा टप्पा मिळेल की नाही ते नंतर कळेल. मावशी माझ्याशी तुटक वागते. ताईंनी फोन उचलला नाही. मी गेल्यामुळे हे सगळे बुडाले तर काय, हा प्रश्न मी बरोबरच नेणार आहे. तो पिशवीत मावला नाही तर हातात धरावा लागेल.

आई माझे कपडे इस्त्री करत होती. मी विचारले, तुझं नाक पुन्हा गेलं तर?

"गेलं तर गेलं. तुझ्या मावशीला शिकवीन."

मी आणखी दोन शंका काढल्या. तिने दोन्हींची उत्तरे कॉलरवरून इस्त्री न उचलता दिली. तिसरी मला सुचली नाही.

३० सप्टेंबर

नोंदणीच्या रांगेत खिडकीतल्या माणसाने काहीतरी विचारले ते मला कळले नाही. मी सगळी कागदपत्रे त्याच्यापुढे सरकवली, त्याने हवे ते काढून घेतले. मागच्या मुलीने मला काही विचारले. मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, आठवत नाही.

वसतिगृहाची खोली अरुंद आहे. दोन खाटा, दुसरी अजून रिकामी. दुपारपासून मी आतून कडी लावून बसले आहे. सामान लावले, मग पुन्हा दुसऱ्या प्रकारे लावले. आईचा फोन आला. आजचा गठ्ठा चांगला गेला, मावशी टोक फार ओढते, तू जेवलीस का. मी हो म्हणाले. जेवले नाही. जेवणघर खाली आहे आणि तिथे मोठमोठ्याने हसण्याचे आवाज येत आहेत. मला परत जायचे आहे. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण आता त्यासाठी माझ्याकडे कोणाचेही कारण उरलेले नाही.

दार वाजते आहे. दोघीतिघी असाव्यात. माझे नाव घेऊन काहीतरी विचारत आहेत, बहुधा जेवायला येतेस का असे. त्या इंग्रजीत भरभर बोलत आहेत. दिवा चालू आहे, म्हणजे मी आत नाही असेही त्यांना वाटणार नाही. मी उत्तराचे वाक्य जुळवते आहे. क्रियापद कुठे घालावे ते कळत नाही. ते जुळेपर्यंत त्या निघून जातील.

पुन्हा वाजले.

वाक्य राहू दे. उघडते.